एकदाच दणकून खर्च, की दर दोन वर्षांनी थोडा थोडा? (स्लॅबची गळती आणि इतर)

डिचोलकर

नमस्कार मंडळी. पाऊस दारात आलाय आणि आमच्या घरात अजून एकमत होत नाही, म्हणून इथे विचारतो.

आमचं घर डिचोलीत. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, चिऱ्याचा, कौलारू. मागचा भाग वडिलांनी १९९८ मध्ये वाढवला, त्यावर स्लॅब. गंमत म्हणजे जुना भाग गळत नाही, नवा गळतो. गेली काही वर्षं दर दोन वर्षांनी गच्चीवर कोटिंग मारून घेतो. गच्ची ९०० चौरस फूट, यंदा सांगितलेला दर ३० रुपये फूट, म्हणजे २७,०००. पाइप-पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेटर म्हणतो, कोटिंगचा नाद सोडा, स्लॅबवर पत्र्याचं छप्पर घाला. १८० रुपये फुटाने १,६२,०००, आणि पंचवीस वर्षं वर बघायला नको.

एक एफडी याच महिन्यात सुटली आहे, त्यामुळे पैसे आहेत. बायको म्हणते घालून टाका. आई म्हणते स्वस्त ते महाग. माझं म्हणणं, महाग तेही कधीकधी महागच असतं.

अगोदर जास्त पैसे घातले आणि ते पुढे खरोखर वाचले, किंवा बुडाले, असा कोणाचा अनुभव असेल तर सांगा. छपराचाच पाहिजे असं नाही, कशाचाही चालेल.

पातळभाजी

"कशाचाही चालेल" म्हणालात ना, आता धागा काही आवरत नाही.

हिशेबी मांजर

आधी आकडे. हे १,६२,००० परत एफडीत टाकले आणि ७ टक्के धरले तर वर्षाला ११,३४० व्याज. कोटिंगचा खर्च वर्षाला पडतो १३,५००. म्हणजे व्याजातूनच कोटिंग जवळजवळ निघतं आणि मुद्दल जागच्या जागी. छप्पर घातलंत तर मुद्दल पत्र्यात गेलं. फरक किती, तर वर्षाला २,१६०. कोटिंगचा दर वाढत जाईल हे मान्य, पण छपरालाही रंग लागेल. फॅब्रिकेटर पंचवीस वर्षं म्हणतो ते लिहून देतो का विचारा.

रेवोड्याची सून

मांजर, तुमच्या हिशेबात कपडे कुठेत?

जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे म्हणजे युद्ध असायचं. पंख्याखाली, खुर्च्यांवर, दाराच्या कोयंड्यावर, जिथे जागा तिथे. चौथ्या दिवशी वाळलेल्या चादरीला जो कुबट वास येतो तो गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. मुलाचा शाळेचा शर्ट सकाळी इस्त्रीने वाळवायचा, म्हणजे वीज जळते आणि शर्टही.

तीन वर्षांमागे स्लॅबवर छप्पर घातलं. आता चार दोऱ्या वर. मे महिन्यात वळवाचा पाऊस अचानक आला तरी मिरच्या आणि सोलं उचलायला धावावं लागत नाही. मुलं पावसात वर सायकल चालवतात, त्यामुळे खालच्या मजल्यावर दुपारची झोप लागते. खालच्या खोल्याही तापत नाहीत, स्लॅबवर ऊनच पडत नाही ना. या सगळ्याचे २,१६० धरा आणि विषय मिटवा.

डिचोलकर

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी चार वर्षं हेच सांगतेय, पण तुम्हाला ते धाग्यावर वाचायला लागतं."

किनारी वारा

मी मोरजीला राहतो. समुद्र घरापासून चालत पाच मिनिटं. आमचं पंचवीस वर्षांचं छप्पर सातव्या वर्षी गेलं.

पत्रा चांगला होता, पैसे वाचवले ते स्क्रूवर. साधे स्क्रू, खालचं वायसर हलकं. दोन उन्हाळ्यांत रबर तडकलं, स्क्रूला गंज धरला, गंजाचं पाणी पत्र्यावर ओघळलं आणि भोकाभोवती पत्रा खाल्ला गेला. चार आण्याच्या वायसरपायी आख्खं छप्पर.

दुसरं म्हणजे, खारी हवा लोखंड कुठे आधी खाते? मला वाटायचं, उघड्यावर पाऊस पडतो तिथे. उलट आहे. पावसात भिजणारं ग्रील धुऊन निघतं. वळचणीखाली, जिथे पाऊस लागत नाही पण वारा लागतो, तिथे मीठ साचून राहतं आणि गंज तिथून सुरू होतो. म्हणून आम्ही आता ऑक्टोबरनंतर महिन्यातून एकदा पत्र्याची खालची बाजू आणि पाइप गोड्या पाण्याने धुतो. या देखभालीला फक्त पाणी लागतं.

डिचोली समुद्रापासून आत आहे, तुम्हाला एवढा त्रास व्हायचा नाही. पण स्क्रू चांगलेच घ्या.

पातळभाजी

स्टीलचे स्क्रू घ्यायचे, लोहचुंबक लावून बघायचं. चिकटलं तर परत करायचं. झालं.

किनारी वारा

@पातळभाजी, याच चुंबकाने मला फसवलंय. २०२ नंबरचं हलकं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ पण नाही. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, मी मान डोलावली, जिन्याचं रेलिंग २०२ चं निघालं. पहिल्याच पावसाळ्यानंतर चहाचे डाग पडल्यासारखं दिसायला लागलं. समुद्राजवळ खरं तर ३१६ लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. ते महाग आहे, पण निदान बिलावर नंबर लिहून घ्या.

खडी वाळू

पंधरा वर्षं बांधकामात आहे, म्हणून थोडं मोठं लिहितो.

डिचोलकर बाब, छप्पर आणि कोटिंग या दोन्हींच्या आधी एक काम करा. स्लॅबच्या खालच्या बाजूला, खोलीतून, काठीने ठोकत जा. कुठे पोकळ आवाज येतो का? गिलाव्याला सरळ रेषेत भेग दिसते का, तांबूस डाग आहे का? असेल तर आतली सळई गंजतेय. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. त्यावर कोटिंग मारणं म्हणजे सडलेल्या दातावर पांढरा रंग. आणि त्या स्लॅबवर छपराचे खांब उभे करणं त्याहून वाईट. आधी ते भाग फोडून, सळई घासून, दुरुस्त करून घ्यायचे.

आता छपराबद्दल. सगळे पत्र्याची जाडी विचारतात, पाइपची कोणी विचारत नाही. १८० च्या दरात पाइप कुठला धरलाय ते बघा. पाइपची भिंत पातळ असेल तर वेल्डिंग करतानाच अर्धी जळते. खांबाचा तळ, जिथे पाणी साचून राहतं, तिथूनच पाइप कुजतो. म्हणून खांबाखाली काँक्रीटचा छोटा ओटा करून घ्या आणि पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या. रंगाखाली नुसता रेड ऑक्साइड नको, एपॉक्सी प्रायमर मागा. या सगळ्याचे फुटामागे थोडे जास्त पडतील, पण वाढीव पैसा घालायचाच तर इथे घाला. पत्र्याच्या रंगावर नको.

आणि खांब स्लॅबला कसे बांधणार? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा नातेवाइकांकडे गेलो होतो. शेजारचं छप्पर सांगाड्यासकट उचललं गेलं होतं आणि माडावर अडकलं होतं. पत्रा नवाकोरा. त्याला काय करायचं?

माशेलची माई

आमची कौलं आजोबांपासून आहेत. काही कौलांच्या पाठीवर अजून बासेल मिशनचा छाप दिसतो. त्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तिथून बोटीने कौलं इकडे यायची. दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायची, फुटकी बदलायची, पालापाचोळा काढायचा. आता परतायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची तारीख मिळत नाही. वर माकडं आहेतच. तर टिकाऊ माल टिकतो, पण त्याला हात लावणारा माणूसही टिकायला हवा.

बाकी मला विचाराल तर मिक्सर. आमच्याकडे रोज नारळाचं वाटण. लग्नात आलेला छोटा मिक्सर दीड वर्षात जळला, दुसरा सेलमधून आणला, तो दोन वर्षांत. खोबरं, धणे, भिजवलेल्या मिरच्या गंधासारख्या वाटायच्या म्हणजे मोटर तापणारच. मग ७५० वॅटचा घेतला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या एवढ्या पैशांत पाट्यावरवंट्यासाठी माणूस ठेवला असता. त्या मिक्सरला अकरावं वर्ष लागलंय. मध्ये एकदा भांड्याची पाती आणि दोनदा कपलर बदलला. सासूबाई आता शेजारणीला सांगतात की मिक्सर घ्यायचा तर आमच्यासारखा घ्या.

थंड हवा

पंख्यांचं कोणी बोललं नाही अजून. साधा पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. ४५ वॅट वाचतात. रोज बारा तास चालला तर वर्षाला १९७ युनिट. बारा महिने पंखा लागणाऱ्या गोव्यात यापेक्षा सोपी बचत नाही. मी घरातले सहाच्या सहा बदलले.

हिशेबी मांजर

सहाच्या सहा? पाहुण्यांच्या खोलीतलाही?

आपल्याकडे वीज शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. युनिट ३ रुपये धरू. बारा तास चालणाऱ्या पंख्यावर वर्षाला ५९१ रुपये वाचले. किमतीतला फरक दीड हजार असेल तर अडीच वर्षांत वसूल. छान. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा सरासरी रोज एक तास धरला (मी उदार आहे, पाहुणे चवथीला येतात) तर वर्षाला १६ युनिट, ४९ रुपये. दीड हजार वसूल व्हायला तीस वर्षं. तोवर पाहुणे यायचे बंद होतील.

मुंबई-पुण्याचे व्हिडिओ बघून इथे हिशेब करू नका. त्यांचा विजेचा दर वेगळा, त्यांची हवा वेगळी.

थंड हवा

मांजर, पाहुण्यांच्या खोलीत रिमोटचा पंखा असला की मान वाढतो. त्याचे पैसे धरा.

सत्तरीचा सुतार

थंड हवा, पण तो बिघडला की? आमच्याकडे पावसात वीज जाते-येते, कडाडते, व्होल्टेज नाचतं. बीएलडीसीचं सर्किट एका जुलैत गेलं. वाळपईचा इलेक्ट्रिशियन बघून म्हणाला, याला मी हात लावत नाही, कंपनीकडे पाठव. कंपनीने दीड महिना घेतला. साधा पंखा हळू फिरायला लागला तर अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणायचा, स्टुलावर उभं राहून दहा मिनिटांत बसवायचा.

माझा धंदा लाकडाचा. लोक सागवानाचं दार मागतात, मी म्हणतो जुन्या फणसाचं घ्या, चांगलं सुकवलेलं. महागाचं ओलं सागवान पहिल्या पावसात फुगतं आणि दार लागत नाही. जास्त पैसे लाकडाच्या नावाला नाही, ते सुकवण्याला द्यायचे असतात. गिऱ्हाइकाला घाई असते ती गृहप्रवेशाची.

भाडेकरू नंबर ३

सगळे घरमालकच दिसताय. मी फोंड्यात भाड्याने राहतो. घरमालकाने सगळ्यात स्वस्त गीझर बसवलाय, बिल मी भरतो. मी चांगला घेऊ का? अकरा महिन्यांचा करार आहे. बाराव्या महिन्यात गीझर भिंतीवरून काढून डोक्यावर घेऊन जाऊ?

आणि आणखी एक. रेनकोट. पहिली नोकरी लागली तेव्हा दर पावसाळ्यात अडीचशेचा रेनकोट घ्यायचो, ऑगस्टपर्यंत खांद्यावर फाटायचा. दीड हजाराचा चांगला घ्यावा हे मला तेव्हाही कळत होतं. मे महिन्याच्या शेवटी खिशात दीड हजार नसायचे. अडीचशे असायचे. "स्वस्त ते महाग" हे सांगणारा माणूस दुसऱ्याच्या खिशात बघत नाही.

रेवोड्याची सून

@भाडेकरू नंबर ३, अगदी. आमच्या वाड्यावर बायकांची भिशी आहे, बारा जणींची. जिचा नंबर मे महिन्यात लागतो ती नशीबवान. एकीने त्यातून शिलाई मशीन घेतलं, एकीने छपराला पत्रा घातला. महिन्याला थोडे थोडे बाजूला पडतात ते घरात राहिले असते तर संपले असते. मे महिन्याच्या नंबरासाठी आमच्यात भांडणं होतात, लपवत नाही.

टिप्पर

डिचोलकर, तुम्ही डिचोलीचे म्हणून लिहितो. बुडालेले पण सांगा म्हणालात ना.

आमच्या घरी जुना टिप्पर होता, खाणीचा माल वाहायचा ट्रक. दर महिन्याला काहीतरी निघायचं, कधी क्लच, कधी पाटे. २०११ मध्ये बाबांनी हाच हिशेब केला, वही माझ्याकडे अजून आहे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर वर्षाला किती जातात, नवी घेतली तर हप्ता किती, फेऱ्या किती, किती वर्षांत सुटते. हिशेब बरोबर होता. आजही तपासला तरी चूक सापडत नाही. नवी गाडी घेतली. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या.

गाडी एकदम चांगल्या स्थितीत दारात उभी राहिली. पुढे खाणी सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. त्याआधीच आम्ही ती विकली होती, मिळेल त्या भावाला. जुना टिप्पर ठेवला असता तर भंगारात घातला असता आणि झोपलो असतो.

बाबा आता काही घ्यायचं म्हटलं की एकच विचारतात, हे बंद पडलं तर दुसऱ्या कशाला वापरता येईल?

डिचोलकर

टिप्पर, आमच्या आळीत अशा चार गाड्या होत्या. ताडपत्री टाकून ठेवलेल्या. त्यांच्याखाली आम्ही लपाछपी खेळायचो म्हणणारी पोरं आता कॉलेजात आहेत.

मडगावचो

सगळे लोखंडावर बोलताय म्हणून पोटावर येतो. आपले जुने लोक हा विषय शाळेत न जाता शिकले होते. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी! मे महिन्याच्या शेवटी मडगावच्या चर्चजवळ पुरुमेंताचं फेस्त भरतं. सुक्या मिरच्या, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, चार महिन्यांचं एकदम घ्यायचं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, ताज्या मासळीचा भाव बघवत नाही, तेव्हा डब्यातलं खारं नुस्तें बाहेर काढायचं. हिंदू काय, ख्रिश्चन काय, बेगमी सगळ्यांची सारखीच.

पण एकदम घेतलं म्हणजे वाचलंच असं नाही. गेल्या वर्षी मी हौसेने सहा किलो काणकोणची खोला मिरची आणली. ऊन नीट दिलं नाही, डब्यात भरली, ऑगस्टात उघडून बघतो तर आत पांढरी बुरशी. सहा किलो! बायकोने एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

माशेलची माई

मिरची डब्यात भरायच्या आधी मुठीत धरून मोडायची. कुडकन मोडली तर भरायची, वाकली तर परत उन्हात. सहा किलो कशाला आणली पण, दोन माणसं ना तुम्ही?

मडगावचो

भाव चांगला होता, माई.

पातळभाजी

माझा सिद्धांत ऐका. जी वस्तू हरवू शकते ती स्वस्तच घ्यायची. मी एकदा आठशे रुपयांची छत्री घेतली, लाकडी मुठीची, वाऱ्याने उलटी होत नाही म्हणाले. खरंच झाली नाही. पणजीच्या कदंब स्टँडवर बाकाला टेकवून ठेवली आणि म्हापशाची बस पकडली. पर्वरीला आठवण झाली. ती छत्री आजही कोणाच्यातरी डोक्यावर उत्तम अवस्थेत असणार.

खडी वाळू

हाहा. पण मुद्दा बरोबर आहे. टिकाऊपणाचे पैसे तेव्हाच वसूल होतात जेव्हा वस्तू तुमच्याकडे तेवढी वर्षं राहते.

अंत्रुजी

सौरऊर्जेचं विचारतो. छप्पर घालणारच तर वर पॅनेल बसवून घेतले तर? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे.

हिशेबी मांजर

@अंत्रुजी, ज्याचं बिल महिन्याला सातशे येतं त्याला घाई नाही. ज्याच्याकडे दोन एसी आणि पाण्याचा पंप आहे त्याने जरूर बघावं. आणि उत्पादनाचा आकडा वर्षाच्या सरासरीने धरा. मार्चचं ऊन बघून हिशेब केला तर जुलैत रडाल.

खडी वाळू

छपराचा सांगाडा पुढे पॅनेल पेलेल असा आत्ताच करायचा असेल तर फॅब्रिकेटरला आधी सांगा. नंतर वेल्डिंग करून जोड देणं दुप्पट पडतं आणि वेल्डिंग केलेली जागा आधी गंजते.

डिचोलकर

मंडळी, परत आलो. काल रविवारी खडी वाळू यांनी सांगितल्याप्रमाणे काठीने ठोकत फिरलो. आई विचारत होती, उंदीर शिरलाय का. मोरीच्या वर साधारण चार बाय तीन फुटांचा भाग पोकळ वाजतो आणि बरोब्बर सळईच्या रेषेत भेग आहे. सहा वर्षं त्याच जागेवर मी वरून कोटिंग मारत होतो.

तर ठरलं असं. यंदा छप्पर नाही. आता मिस्त्री बोलावून तो भाग फोडून दुरुस्त करायचा. त्याचे साधारण ३५,००० सांगितलेत. पावसाळ्यापुरती वर ताडपत्री. उरलेले पैसे मांजराच्या सल्ल्याने सहा महिन्यांच्या एफडीत, आणि छप्पर डिसेंबरात. तेव्हा फॅब्रिकेटरला घाई नसते, रंग नीट वाळतो आणि दरही बोलता येतो. पाइप जाड, ओटे, स्क्रू चांगले, बिलावर नंबर. नव्या हिशेबात फुटाला २१५ येतात. टिप्परच्या बाबांचा प्रश्न विचारून बघितला. छप्पर बंद पडत नाही, आणि पडलं तरी पाइप विकता येतो.

पंखे दोनच बदलतोय, झोपायच्या खोल्यांतले. जुने दोन माळ्यावर ठेवतो, सुतारबाबांच्या जुलैसाठी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे याही पावसात कपडे खुर्चीवरच.

रेवोड्याची सून

वहिनींना सांगा, जुन्या कौलारू भागाच्या पडवीत दोरी बांधा आणि माळ्यावर ठेवणार आहात त्यातला एक पंखा तिथे लावा. साधाच चालतो.

पातळभाजी

ताडपत्री कुठली घेताय, स्वस्तातली की महागातली?